सात नंबर

हर्णैच्या बंदराकडे उतरताना
बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून माझं दुकान.
रिचार्ज, कव्हरं, काचा, आणि फळीवर ओळीनं
अकरा पॉवर बँका.
भाड्यानं देते. एका फेरीचे साठ रुपये.
प्रत्येकीवर नेलपॉलिशनं नंबर घातलाय,
लाल संपलं तिथून पुढे गुलाबी.

बोटीवरच्या बॅटरीला तांडेल हात लावू देत नाही.
ती वायरलेसची, जीपीएसची, काठीवरच्या दिव्याची.
पोरांचे खेळ त्यात बसत नाहीत.
म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी
डिझेलचा वास घेऊन पोरं येतात
आणि मी सांगते तेच तेच:
प्रकाश निम्मा ठेव. थरथर बंद कर.
आवाज कशाला, इंजिन आहे की.
शंभर झाले की वायर काढ,
पिशवीत घालून दोन गाठी मार.
पिनेत मीठ गेलं तर माझ्याकडे आणू नका.
आणतातच. मी जुन्या टूथब्रशनं घासत बसते.

"वर वीस हजार लिहिलंय," पाजपंढरीचा प्रणीत म्हणाला,
"मग माझा गेम तीनदाच कसा भरतो?"
म्हटलं, तुझ्या टोपलीचं वजन
बोटीवर किती असतं, आणि लिलावात किती?
वाटेत गळतं थोडं. गरम होऊन जातं.
हसला. सात नंबर घेऊन गेला.

त्याचा गेम दापोलीच्या कुणाकडून जुना घेतलेला,
डावं बटण बसलेलं, मागं रबरबँड.
त्यात तो शेती करायचा.
कोळ्याचा पोर, चहूकडे खारं पाणी,
आणि हा रात्री कोबीला पाणी घालतोय.

दहा-बारा फेऱ्या झाल्यावर माझ्या लक्षात आलं,
मासळी किती आली हे बघायला
पुळणीवर जायची गरज नाही.
बँक परत आली की बाजूचं बटण दाबायचं.
एकही दिवा नाही: जाळ्यात काही नव्हतं,
पोरं रात्रभर खेळत बसलेली.
दोन दिवे: बांगडा, डिझेल सुटेल एवढा.
चारही दिवे: कोळंबी. कुणाला बूड टेकायला मिळालं नाही.
नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, वेडी आहेस.
पुढच्या वेळी उधारीची वही काढायच्या आधी
त्यानंच बटण दाबलं.

तर परवा सात नंबर आली. चार दिवे.
काय रे, कोळंबी?
प्रणीतनं मान हलवली.
खणात बर्फच जास्त, म्हणाला.
एक बैलगाडी पुरली, तीही अर्धी.

मग?

"जाळं ओढताना वाकलो. खिशातून गेला.
आवाजसुद्धा झाला नाही.
कोबी तयार झाला होता, ताई. दुसऱ्या दिवशी काढायचा होता.
टेकबहादूर म्हणतो, आता खेकडे खातील."

मी वही उघडली. सातपुढे जमा लिहिलं.
रबरी बुटांतलं पाणी माझ्या फरशीवर सोडत
तो तिथंच उभा.

"पहाटे परत निघतोय. सात नंबरच द्या."

आता काय भरणार आहेस तिच्यातून?

"काही नाही. रात्री दोन ते चार पहारा माझा असतो.
बटण दाबलं की चार लागतात.
थोडा वेळ राहतात, मग विझतात.
परत दाबायचं."

कनकदुर्गावरचा दिवा किती लांबून दिसतो
मला माहीत नाही.
मी कधी तेवढी आत गेलेली नाही.

भरलेलीच होती, तरी वायर लावली.
साठाचे चाळीस घेतले. नवरा बघत होता.